छोट्या बहारीनपुढचा मोठा प्रश्न

१५ ऑगस्ट ही तारीख भारतीयांच्या मनावर कायमची कोरली गेलेली आहे. परंतु हीच तारीख आणखी एका देशाच्या स्वातंत्र्याची तारीख आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. इराणी आखातातील बहारीन हे अरब बेटांचे राज्य १५ ऑगस्ट १९७१ रोजी ब्रिटिशांच्या संरक्षणातून मुक्त झाले. मात्र बहारीनमध्ये राष्ट्रीय दिन म्हणून साजरा होतो तो १६ डिसेंबर; आणि तो दिवस आहे माजी अमीर शेख इसा यांच्या राज्यारोहणाचा. राष्ट्राचा जन्मदिवस मागे पडावा आणि राज्यकर्त्याच्या अभिषेकाचा दिवस पुढे यावा, या एका गोष्टीतच त्या देशाच्या राजकारणाचे मर्म बऱ्याच अंशी सामावलेले आहे.

हा देश आकाराने लहान म्हणजे किती लहान? त्याचे क्षेत्रफळ पावणेआठशे चौरस किलोमीटरांहून थोडेसे अधिक आहे. म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा तो थोडाच मोठा भरेल. आणि त्यातीलही बराच भाग गेल्या काही दशकांत समुद्रात भर घालून मिळविलेला आहे. २०२० च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती, आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक परदेशी होते. सौदी अरेबियाचा किनारा व कतारचे द्वीपकल्प यांच्या मधोमध वसलेल्या या चिमुकल्या राज्याची दखल घेण्याचे एक विशेष कारण आहे. आखाताच्या अरब बाजूस तेल प्रथम सापडले ते येथे, आणि तेलाचा साठा उतरणीला लागला तोही प्रथम येथेच. कुवेत, कतार वा अबुधाबी यांच्यापुढे जो प्रश्न उद्या उभा राहावयाचा आहे, तो बहारीनपुढे गेली पन्नास वर्षे उभा आहे. निसर्गाने फुकट दिलेल्या संपत्तीवर उभारलेले राज्य ती संपत्ती सरू लागल्यावर कशावर चालवावयाचे, हा तो प्रश्न होय. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो तो असा, की त्या संपत्तीत आणि पुढे तिच्या अभावात वाटेकरी कोणी व्हावयाचे?

गोड्या पाण्याचे बेट

‘बहारीन’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘दोन समुद्र’. एक भोवतालचा खारा समुद्र आणि दुसरा जमिनीखालील गोड्या पाण्याचा, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पाऊस वर्षाकाठी जेमतेम तीन इंच. तरीही येथे एके काळी झरे वाहत होते, खजुराच्या बागा होत्या. इतकेच नव्हे तर समुद्राच्या तळातूनही गोड्या पाण्याचे झरे उसळत, आणि बुडी मारून चामड्याच्या पखालींत ते पाणी भरून आणले जाई. वैराण किनाऱ्यांच्या प्रदेशात असे पाणी मिळणे म्हणजे व्यापारी गलबतांना हमखास थांबा मिळणे होय.

म्हणूनच चार हजार वर्षांपूर्वी हे बेट ‘दिलमुन’ या नावाने मेसोपोटेमियाच्या लेखांत झळकते. ओमानकडील तांबे व सिंधू खोऱ्यातील माल येथूनच उर या नगरीकडे जात असे. १९५३ पासून डॅनिश संशोधकांनी केलेल्या उत्खननात दिलमुनच्या वसाहती उजेडात आल्या. तेथील वजने सिंधू संस्कृतीच्या वजनांच्या मापाची निघाली आणि दिलमुन धर्तीची एक गोल मुद्रा गुजरातेत लोथल येथे मिळाली. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी या बेटाचे नाते किती जुने आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

या पहिल्या देणगीची आजची अवस्था काय? विसाव्या शतकात पंपांनी पाणी उपसण्यास आरंभ झाला, बागा व वस्त्या वाढल्या, आणि भूगर्भातील गोड्या पाण्याची पातळी खालावून त्यात समुद्राचे पाणी शिरले. बहुतेक झरे आटले. आज बहारीन पितो ते मुख्यतः समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून. म्हणजे जे पाणी निसर्ग विनामूल्य देत होता, ते आता इंधन जाळून विकत घ्यावे लागते.

मोत्यांचे वैभव आणि पाणबुड्यांचे कर्ज

दुसरी देणगी मोत्यांची. मराठी घरांत नथीतील ज्या ‘बसरा मोत्यां’चे कौतुक पिढ्यान् पिढ्या चालत आले, ते मोती प्रत्यक्षात आखातातील शिंपल्यांतून निघत, आणि त्या धंद्याचे एक प्रमुख केंद्र बहारीन हेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बहारीनच्या नऊशेच्या आसपास होड्या आणि सतरा हजारांहून अधिक माणसे या धंद्यात होती. उन्हाळा सुरू होताच होड्या निघत आणि चार महिने समुद्रावर राहत. होडीचा प्रमुख तो ‘नाखुदा’. कोकणच्या किनाऱ्यावरील ‘नाखवा’ हा त्याच शब्दाचा मराठी भाऊ. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई. श्वास संपत आला की दोरीला हिसका देई आणि वरचा गडी त्याला ओढून घेई. दिवसातून अशा कित्येक बुड्या. शिंपले उघडावयाचे ते नाखुद्याच्या डोळ्यांदेखत. कोणत्या शिंपल्यातून कोणता मोती निघाला आणि तो शिंपला कोणी आणला होता, याला महत्त्व नव्हते.

धंद्याची खरी रचना मात्र समुद्रावर नव्हती, ती वहीत होती. हंगामापूर्वी नाखुदा पाणबुड्याला उचल देई. नाखुद्याला सावकार देई. हंगामाच्या शेवटी मोत्यांची विक्री होऊन खर्च, उचल व सावकारी वजा जाता पाणबुड्याच्या हाती बहुधा कर्जच उरे. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या नाखुद्याकडे जाण्याची मुभा नसे, आणि बाप मेला की त्याचे कर्ज मुलाच्या माथी येई. आपल्याकडील खेड्यांतून सालदाराची जी गत होती, तिचीच ही समुद्रावरील आवृत्ती होती. १९२० नंतरच्या दशकात ब्रिटिशांच्या पुढाकाराने सुधारणा झाल्या व प्रत्येक पाणबुड्याचे स्वतंत्र खातेपुस्तक ठेवण्याची सक्ती झाली. गंमत अशी, की या सुधारणांत उचलीवर मर्यादा आल्याने आपली उपासमार होईल अशी धास्ती पाणबुड्यांनाच वाटली. ज्याचे जगणेच उचलीवर चालते त्याला कर्जाची बेडी आणि भाकरी यांत फरक करता येत नाही.

तोच जपानमध्ये मिकिमोतो यांनी कृत्रिम संवर्धनाने मोती पिकविण्याचे तंत्र बाजारात आणले, आणि पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली. मोत्यांचे भाव कोसळले. १९३२ साली पाणबुड्यांचा असंतोष दंगलीच्या रूपाने उफाळला. एक संपूर्ण अर्थव्यवस्था दोन-चार वर्षांत कोलमडली.

मुंबईच्या छायेत

या काळात बहारीनची आर्थिक राजधानी एका अर्थाने मुंबई होती. आखाताचे मोती मुंबईच्या जव्हेऱ्यांकडे येत, तेथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडली जात, आणि मग ते युरोपकडे रवाना होत. परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले व इमारती लाकूड जाई. मनामा शहरात सिंधमधून गेलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी आपल्या पेढ्या थाटल्या. त्यांचे श्रीनाथजींचे मंदिर सुमारे दोनशे वर्षांचे जुने आहे.

राज्यकारभाराचे नातेही असेच होते. अल् खलिफा घराण्याने १७८३ मध्ये बेट जिंकले आणि एकोणिसाव्या शतकात एकामागून एक तह करून ब्रिटिशांनी त्याचे परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतले. आखातातील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या आणि पुढे १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. चलन भारतीय रुपयाचे होते. आखातातील सोने रुपये देऊन चोरट्या मार्गाने भारतात येऊ लागल्याने परकीय चलनाची गळती वाढली, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. १९६५ साली बहारीनने स्वतःचा दिनार सुरू केला. त्या वेळी एक दिनार म्हणजे दहा रुपये, असा हिशेब होता. तो दर आठवला म्हणजे नंतरच्या साठ वर्षांत दोन चलनांच्या वाटा किती दूर गेल्या, हे कळते.

तेल आले ते वेळेवर

मोत्यांचा धंदा बुडत असतानाच, १९३२ च्या जूनच्या आरंभी, जबल दुखान म्हणजे ‘धुराचा डोंगर’ या टेकडीच्या पायथ्याशी तेल लागले. १९३४ मध्ये निर्यात सुरू झाली, १९३६ मध्ये तेलशुद्धीचा कारखाना उभा राहिला. तेलाच्या उत्पन्नाचे ढोबळमानाने तीन वाटे पाडण्यात आले. एक राजघराण्याचा, एक राज्यकारभाराचा आणि एक राखीव गंगाजळीचा. भविष्यासाठी तरतूद करण्याची दृष्टी त्यात होती हे मान्य केले पाहिजे. पण पहिला वाटा कोणाचा, हेही विसरून चालणार नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त परिचित असतो. श्रमाने वा भांडवलाने निर्माण न होता केवळ निसर्गाच्या देणगीवरील मालकीमुळे मिळणारे उत्पन्न म्हणजे खंड. तेलाचे उत्पन्न हा खंडाचा अगदी शुद्ध नमुना होय. ज्या सरकारचा खजिना खंडावर भरतो, त्याला प्रजेकडून कर गोळा करण्याची गरज भासत नाही; आणि कर घेत नसल्याने प्रजेला हिशेब देण्याचीही गरज भासत नाही. शाळा, दवाखाने, घरे, नोकऱ्या हे सारे हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून दिले जाते.

बहारीनचे वैशिष्ट्य असे, की तेथील जनतेने ही कृपा मुकाट्याने स्वीकारली नाही. १९१९ मध्ये मुलांची व १९२८ मध्ये मुलींची आधुनिक शाळा सुरू झालेली असल्याने तेथे शेजारी देशांच्या आधी शिक्षित वर्ग तयार झाला आणि तेलाच्या कारखान्यामुळे कामगारवर्गही. १९३८ मध्ये संप व प्रातिनिधिक मंडळाची मागणी झाली. १९५४ ते ५६ या काळात शिया व सुन्नी पुढाऱ्यांनी एकत्र येऊन चळवळ उभारली. १९६५ मध्ये तेल कंपनीतील कामगारकपातीवरून उठाव झाला. या प्रत्येक लढ्यात मजुरी आणि राजकीय अधिकार या दोन्ही मागण्या एकत्र गुंतलेल्या आढळतात.

तेलानंतरची तयारी

बहारीनच्या स्वतःच्या तेलक्षेत्राने १९७० च्या सुमारास दररोज सुमारे पंचाहत्तर हजार पिंपांचे शिखर गाठले आणि नंतर उतरण लागली. शेजाऱ्यांच्या लाखो पिंपांपुढे हा आकडा किरकोळच होता. संकटाची चाहूल लवकर लागल्याने तयारीही लवकर सुरू झाली, आणि याचे श्रेय राज्यकर्त्यांना दिले पाहिजे. १९७१ मध्ये ‘अल्बा’ या ॲल्युमिनियम कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. देशात बॉक्साइटचा खडा नाही. पण ॲल्युमिनियमच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो आणि नैसर्गिक वायूमुळे वीज स्वस्त होती, हे गणित बरोबर ठरले. आज वर्षाला पंधरा लाख टनांहून अधिक धातू तयार करणारा हा कारखाना जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत मोडतो. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि बैरुतच्या बँकांना नवे घर हवे झाले, तेव्हा बहारीनने परदेशी व्यवहार करणाऱ्या बँकांना सवलती देऊन आपल्याकडे ओढून घेतले. १९७७ मध्ये जहाजदुरुस्तीची मोठी गोदी झाली. १९८६ मध्ये सौदी अरेबियाशी जोडणारा पंचवीस किलोमीटरचा सागरी पूल खुला झाला.

परंतु या यशाचा हिशेब बारकाईने तपासला असता निराळे चित्र दिसते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग अद्यापही तेलाचाच आहे, आणि त्या तेलातील मोठा वाटा अबू साफा या समुद्रातील क्षेत्राचा आहे. हे क्षेत्र सौदी अरेबियाबरोबर सामायिक असून ते चालविणारी कंपनीही सौदी आहे. तेलशुद्धीच्या कारखान्याला लागणारे बरेचसे कच्चे तेलही नळाने सौदी अरेबियातूनच येते. पूल सौदी पैशाने झाला. २०१८ मध्ये कर्जाचा बोजा असह्य झाला तेव्हा सौदी अरेबिया, कुवेत व संयुक्त अरब अमिराती यांनी दहा अब्ज डॉलर्सचे साहाय्य देऊ केले. म्हणजे देश तेलावरील अवलंबनातून पुरता सुटला नाही. त्या अवलंबनात शेजाऱ्यावरील अवलंबनाची भर पडली. बँकांच्या बाबतीतही दुबईची स्पर्धा पुढे गेली. जो व्यवसाय दुसऱ्याच्या संकटामुळे आला, तो दुसऱ्याच्या सवलतींमुळे जाऊही शकतो.

कर आणि कौल

स्वातंत्र्यानंतर १९७३ मध्ये राज्यघटना झाली, निवडणूक झाली व राष्ट्रीय सभा भरली. स्त्रियांना मताधिकार नव्हता, तरी आखातात ही घटना मोलाची होती. पण विनाचौकशी अटकेचा अधिकार देणाऱ्या सुरक्षा कायद्याला सभेने मान्यता नाकारली, आणि ऑगस्ट १९७५ मध्ये अमिरांनी सभा बरखास्त केली. तेलाचे भाव १९७३ नंतर चौपट झालेले होते. खजिना भरलेला असताना सभेची अडचण कशाला सोसावी, असा विचार झाला असल्यास नवल नाही. पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षे निवडून आलेली सभा नव्हती. १९७१ पासून २०२० मध्ये निधन होईपर्यंत राजघराण्यातील एकच गृहस्थ पंतप्रधानपदी राहिले.

फेब्रुवारी २००१ मध्ये नव्या राजकीय सनदेवर सार्वमत होऊन ९८.४ टक्के मते अनुकूल पडली. स्त्रियांनाही अधिकार मिळाला. परंतु २००२ मध्ये जी घटना प्रत्यक्षात आली, तिच्यात निवडून आलेल्या चाळीस सदस्यांच्या बरोबरीने राजाने नेमलेल्या चाळीस सदस्यांचे सभागृह बसविण्यात आले. बहारीनच्या नागरिकांत शियांची बहुसंख्या आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते; राजघराणे सुन्नी आहे; सैन्यात व वरच्या जागांवर आपल्याला थारा नाही, ही शियांची जुनी तक्रार आहे. या सर्व निराशेचा स्फोट सार्वमताच्या दहाव्या वाढदिवशी, १४ फेब्रुवारी २०११ रोजी झाला. मनामातील ‘मोती चौका’त हजारो लोक जमले. आखाती सहकार्य मंडळाच्या १९८२ च्या परिषदेनिमित्त उभारलेले तेथील स्मारक सहा शिडांनी मोती तोलून धरल्याच्या आकाराचे होते. ती सहा शिडे म्हणजे मंडळाचे सहा देश. मार्च २०११ मध्ये त्याच मंडळाच्या नावाने सौदी व इतर फौजा पूल ओलांडून आल्या, चौक रिकामा करण्यात आला आणि काही दिवसांतच ते स्मारकही पाडण्यात आले. राजाने नेमलेल्या बॅसिऊनी चौकशी मंडळाने ३५ मृत्यूंची नोंद केली आणि त्यांपैकी पाच कोठडीतील छळामुळे झाल्याचे नमूद केले. २०१६ मध्ये प्रमुख विरोधी संघटना ‘अल् विफाक’ विसर्जित करण्यात आली.

पाणबुड्यांच्या पिढ्यांची आठवण सांगणारे शिल्प जमीनदोस्त झाले, आणि पुढच्याच वर्षी मुहर्रक शहरातील मोतीव्यवसायाच्या जुन्या वास्तूंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. इतिहास जपावयाचा, पण त्यातून उद्भवणारे प्रश्न मात्र पुसून टाकावयाचे, हे धोरण किती काळ टिकेल?

कारण आता खंडाचे दिवस सरत आहेत. २०१९ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला व २०२२ मध्ये तो दहा टक्क्यांवर नेण्यात आला. २०२५ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्यावर किमान पंधरा टक्के कर आला. सार्वजनिक कर्ज एकूण राष्ट्रीय उत्पादनाहून अधिक झाले आहे. कर न घेणारे सरकार हिशेब देत नाही, हे समजण्यासारखे आहे; पण कर घेणाऱ्या सरकारला तो कधी ना कधी द्यावा लागतो. बाजारात प्रत्येक खरेदीवर दहा टक्के मोजणारा कारकून आणि शिक्षक आपल्या पैशाचे काय झाले, असे विचारल्यावाचून राहणार नाही. पूर्वीची कृपा आटत जाणार आणि कराचा भार वाढत जाणार; अशा वेळी जनतेला कारभारात खराखुरा वाटा देणे ही उदारता न राहता व्यवहाराची गरज ठरते.

दोन प्रकारचे रहिवासी

या हिशेबात एक वर्ग कोठेच बसत नाही. तो म्हणजे परदेशी कामगार. त्यात तीन लाखांहून अधिक भारतीय आहेत. त्यांची मुले शिकतात ती भारतीय शाळा १९५० पासून चालू आहे. डॉक्टर, हिशेबनीस, अभियंते यांच्यापासून गवंड्यांपर्यंत सर्व थरांत ही माणसे आहेत. यांतील मजुरांची स्थिती पाहिली की जुन्या पाणबुड्याची आठवण होते. गावी दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज, ते फिटेपर्यंत सोसावयाची नोकरी, आणि मालकाच्या कफालतीविना राहण्याचा हक्क नाही. बहारीनने २००९ पासून या पद्धतीत काही सुधारणा केल्या व आखातात त्याही पहिल्याच म्हणाव्या लागतील. तरीही कामगार मालकाला बांधलेला राहतो, ही मूळ रचना पुरती मोडलेली नाही. स्वस्त परदेशी मजूर सहज मिळतो तोवर खाजगी धंदा स्थानिक तरुणाला चांगले वेतन देऊन घेत नाही, आणि स्थानिक तरुण सरकारी नोकरीची वाट पाहत बसतो. म्हणजे परक्याचे दैन्य आणि स्वकीयाची बेकारी ही एकाच व्यवस्थेची दोन फळे होत.

एप्रिल २०१८ मध्ये समुद्राखालच्या कठीण खडकांत ऐंशी अब्ज पिंपांचा प्रचंड तेलसाठा सापडल्याची घोषणा झाली. त्यातून प्रत्यक्ष किती तेल निघेल आणि ते काढणे परवडेल का, हे वेगळे प्रश्न आहेत. पण समजा ते भरपूर निघाले, तर बहारीनचे खरोखर भले होईल काय? मोत्यांच्या जागी तेल आले तेव्हा पाणबुड्याच्या वहीचा निकाल लागला नाही. तो प्रश्न मागे पडला एवढेच. १९७३ चा तेलाचा पैसा आला तेव्हा राष्ट्रीय सभेचा प्रश्न मागे पडला. निसर्गाची प्रत्येक नवी देणगी जुना हिशेब पुढे ढकलण्याच्याच उपयोगी पडली.

बहारीनजवळ अजून एक भांडवल आहे, आणि ते आटणारे नाही. आखातात सर्वांच्या आधी शाळेत गेलेली, यंत्रावर उभी राहिलेली, संघटना करण्यास शिकलेली तेथील माणसे हे ते भांडवल होय. गेल्या शंभर वर्षांत राज्यकर्त्यांनी या भांडवलाकडे बहुधा संशयानेच पाहिले. ज्या दिवशी त्याच्याकडे विश्वासाने पाहिले जाईल, त्या दिवशी तेलानंतर काय, या प्रश्नाच्या उत्तराला आरंभ होईल.